पारदर्शक, पण कोणासाठी? : डोळ्यावर ठेवायच्या भिंगांचं द्रव्य



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं कॉन्टॅक्ट लेन्सच्या प्लॅस्टिकवर बोलावं, हे पत्रिकेत वाचून काही जण बुचकळ्यात पडले असणार. एका श्रोत्यांनी तर परवा फोन करून विचारलंच, की सर, छपाईत काही घोटाळा झालाय का? घोटाळा झालेला नाही. विषय मीच सुचवला होता, आणि तो का सुचवला हे आधी सांगतो.

न्यायदर्शनात प्रत्यक्षाची व्याख्या करताना इंद्रिय आणि वस्तू यांचा सन्निकर्ष, म्हणजे संबंध व्हावा लागतो, असं मानलं आहे. डोळ्याच्या बाबतीत नैयायिकांचं म्हणणं असं, की डोळ्यातून तेजाचा किरण निघतो आणि वस्तूला जाऊन भिडतो. यावर प्रतिपक्षाचा आक्षेप न्यायसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात नोंदवलेला आहे. तो असा, की डोळा जर वस्तूला भिडतो, तर काच, अभ्रक किंवा स्फटिक यांच्या पलीकडची वस्तू दिसते कशी? मध्ये आडकाठी आहे ना! त्यावर नैयायिकांचं उत्तर असं की भिंत किरणाला अडवते, काच अडवत नाही. डोळ्यातून किरण निघतो हे आज कोणी मानणार नाही. पण त्या वादात एक फार कामाचा प्रश्न दडलेला आहे. काच आडकाठी आहे की नाही, हे तुम्ही कशाच्या वाटेबद्दल बोलताय यावर ठरतं. प्रकाशाला ती वाट देते. वाऱ्याला, आवाजाला, माशीला देत नाही. पारदर्शक म्हटलं की लगेच विचारायला हवं, कोणासाठी?

कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रव्यांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. शिवाय आज आपल्या घराघरात कॉलेजला जाणारी मुलं-मुली या लेन्स घालतात, काही जण घालूनच झोपतात, आणि डबीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. तेव्हा विषय अगदीच हवेतला नाही.

आधी डोळ्याबद्दल थोडं. डोळ्याच्या पुढच्या बाजूला, घड्याळाच्या काचेसारखा फुगीर, पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. आपल्या परिभाषेत पारपटल. नेत्रदानाच्या बातमीत ज्याला 'बुबुळ' म्हणतात ते हेच. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. याची गंमत अशी, की हा जिवंत ऊतक आहे, पेशींना ऑक्सिजन लागतो, पण त्याच्यात रक्तवाहिनी नाही. असती तर आरपार दिसलं नसतं. मग हा श्वास घेतो कसा? सरळ बाहेरच्या हवेतून. हवेतला ऑक्सिजन अश्रूंच्या पातळ थरात विरघळतो आणि तिथून आत जातो. डोळा मिटला की पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं, आणि तो पुरवठा उघड्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांशच असतो. सकाळी उठल्यावर आपल्या सर्वांचंच पारपटल तीन-चार टक्के सुजलेलं असतं. जागे झालो, डोळे उघडे राहिले, की तासा-दोन तासांत ते पूर्ववत होतं. कळतही नाही.

हे सुजणं महत्त्वाचं आहे. पारपटलात कोलॅजेनचे अतिशय बारीक धागे ठरावीक अंतरावर बसलेले असतात, म्हणून प्रकाश न विखुरता पलीकडे जातो. आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो सतत पाणी बाहेर उपसत राहतो, जुन्या विहिरीवर मोट चालायची तसा. ऑक्सिजन कमी पडला की पेशी दुसऱ्या, कमअस्सल मार्गानं ऊर्जा काढतात. त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं, ते पाणी खेचून घेतं, धाग्यांमधलं अंतर विस्कटतं आणि पडदा धुरकट होतो. तेव्हा डोळ्याची पारदर्शकता ही काचेसारखी आयती मिळालेली नाही. ती क्षणोक्षणी राखावी लागते, आणि त्यासाठी इंधन लागतं.

हे ज्ञान फार उशिरा आलं. १९५२ साली अमेरिकेत स्मेल्सर आणि ओझॅनिक्स या संशोधकांनी माणसांना घट्ट बसणारे गॉगल घातले आणि त्यांतून ऑक्सिजनविरहित वायू सोडला. काही वेळात दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली, नजर धुरकटली. डोळ्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं, फक्त हवा बदलली होती! लेन्स मात्र त्याआधी पासष्ट वर्षं बनत होत्या. म्हणजे एका श्वास घेणाऱ्या अवयवावर, तो श्वास घेतो हे नीट माहीत नसताना, झाकण बसवलं जात होतं.

पहिली कल्पना आमच्या क्षेत्रातल्या माणसाची, हे जरा अभिमानानं सांगतो. रेने देकार्त. त्याचं ते जगप्रसिद्ध विधान ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकाला जोडून १६३७ साली त्याचा प्रकाशशास्त्रावरचा निबंध छापला गेला. त्यात त्यानं अशी योजना मांडली, की पाण्यानं भरलेली नळी डोळ्याला लावायची आणि तिच्या पुढच्या टोकाला काच बसवायची. म्हणजे डोळा जणू लांब झाला, आणि प्रतिमा मोठी झाली. युक्तिवाद बिनतोड. अडचण एकच, पापणी मिटता येत नाही! शुद्ध विचारानं शरीराचा हिशेब करायला गेलं की असं होतं. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रत्यक्ष लेन्स झाली काचेची. १८८८ साली झुरिकमध्ये काम करणाऱ्या अडॉल्फ ऑयगेन फिक या डॉक्टरनं काचेच्या पातळ वाट्यांवर निबंध प्रसिद्ध केला. आधी ससे, मग स्वतःचा डोळा, मग रुग्ण, असा त्याचा क्रम. वाटी आणि डोळा यांच्यामध्ये द्राक्षशर्करेचं द्रावण भरायचं. या वाट्या आजच्या लेन्सपेक्षा मोठ्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात आउगुस्ट म्यूलर या विद्यार्थ्यानं याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याचा स्वतःचा चष्मा सुमारे उणे चौदाचा, म्हणजे गरज अगदी जिव्हाळ्याची. डोळा बधिर करायला त्यानं कोकेन वापरलं, तरी लेन्स जेमतेम अर्धा तास सहन व्हायची. फिकनं धूसरपणाची नोंद करून ठेवली होती, काही वेळानं सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं अशी. निरीक्षण अचूक होतं. कारण लावता आलं नाही, कारण काच तर स्वच्छ दिसत होती.

१९३०च्या दशकात नवं द्रव्य आलं. पॉलिमेथिल मेथाक्रिलेट, थोडक्यात पीएमएमए. नाव ऐकून घाबरू नका. ॲक्रिलिकची पाटी, दुकानावरचे चमकते फलक, कारच्या मागच्या दिव्याचं लाल आवरण, दाताची कवळी, सगळं याच कुळातलं. बाजारात ते पर्स्पेक्स, प्लेक्सिग्लास अशा नावांनी आलं. काचेपेक्षा निम्म्याहून हलकं, न फुटणारं, लेथवर कातता येणारं. अमेरिकेत विल्यम फाइनब्लूम यांनी १९३६ साली मध्ये काच आणि कडेला प्लॅस्टिक अशी लेन्स केली. थोड्याच वर्षांत पूर्ण प्लॅस्टिकच्या आल्या. १९४८ साली कॅलिफोर्नियात केव्हिन टुओही यांनी पांढऱ्या भागावर टेकणारी कड काढूनच टाकली आणि फक्त पारपटलावर तरंगणारी छोटी लेन्स केली. कातताना कड तुटली आणि उरलेला तुकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला, अशी हकिकत सांगतात. खरी असो वा नसो, छोटी लेन्स टिकली, आणि त्याचं कारण ध्यानात घ्या. प्रत्येक वेळी पापणी मिटली की लेन्स किंचित हलते आणि तिच्याखाली ताजे अश्रू शिरतात, ऑक्सिजन घेऊन. पीएमएमएमधून स्वतःमधून ऑक्सिजन जवळजवळ शून्य जातो. सगळा पुरवठा कडेनं, पंप मारल्यासारखा. प्रकाशाला दार सताड उघडं, हवेला भिंत.

याच द्रव्याची दुसरी बाजूही ऐका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काचा पर्स्पेक्सच्या असत. त्या फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपच्या गेल्या. हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या शल्यविशारदाच्या लक्षात आलं, की या कपच्या डोळ्याच्या आत वर्षानुवर्षं राहिल्या तरी डोळा चिडत नाही. त्यावरून १९४९ साली त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत पीएमएमएचं भिंग बसवलं. आज मोतीबिंदूनंतर 'लेन्स टाकतात' ती परंपरा तिथून सुरू झाली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातली ऑरोलॅब १९९२पासून अशी भिंगं स्वस्तात बनवू लागली, त्याचा फायदा तुमच्या-माझ्या पिढीला झाला. आता बघा, तेच द्रव्य डोळ्याच्या आत निर्दोष आणि डोळ्यावर गुदमरवणारं. आत ते कोणाच्या श्वासाच्या वाटेत येत नाही. द्रव्याचे गुण त्याच्या अंगात असतात असं आपण सहज बोलतो. पण निम्मे गुण जागेचे असतात.

आता येतो माझ्या आवडीच्या माणसाकडे. ओटो विख्टर्ले, चेक रसायनशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोनं अटक केली होती. युद्धानंतर प्राग इथं प्राध्यापक झाले, आणि १९५८ साली कम्युनिस्ट राजवटीच्या शुद्धीकरण मोहिमेत ती जागा गेली. त्यांना शरीरात मुरेल असं मऊ, पाणी धरणारं प्लॅस्टिक हवं होतं. सहकारी द्राहोस्लाव लिम यांच्याबरोबर त्यांनी ते शोधलं आणि १९६० साली 'नेचर'मध्ये दोघांचा निबंध आला. द्रव्याचं नाव पॉलिहेमा.

गंमत अशी, की पॉलिहेमा हे पीएमएमएचं सख्खं भावंड आहे. साखळीचा कणा तोच. फक्त प्रत्येक कडीला जी शेपटी लोंबते, तिच्या टोकाला पाण्याची ओढ असणारा हायड्रॉक्सिल गट आहे. एवढ्या फरकानं स्वभाव पालटतो. साखळ्या एकमेकींना मधूनमधून टाचून जाळी केली, की ती पाण्यात विरघळत नाही, फुगते. सब्जा भिजवल्यावर होतो तशी. वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी. बाहेर वाळली, तर पापडासारखी कडक आणि तितकीच कुडकुडीत; लेन्स घालणाऱ्यांनी बेसिनच्या कडेला सकाळी असा पापड सापडल्याचा अनुभव घेतलेला असेल.

द्रव्य मिळालं, पण त्याची लेन्स करणं जमेना. साच्यातून काढताना कडा फाटायच्या. संबंधित मंत्रालयानं प्रयोग थांबवले. १९६१च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र जोडलं. मुलांचा 'मेर्कुर' नावाचा खेळ, म्हणजे आपल्याकडे मेकॅनो असायचा तसा पट्ट्या-स्क्रूंचा संच, सायकलच्या दिव्याचा डायनामो, आणि दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. फिरत्या छोट्या साच्यात द्रव ओतायचा. फिरण्यामुळे तो कडेला चढतो, वरचा पृष्ठभाग आपोआप खोलगट वक्र होतो, आणि त्याच अवस्थेत गोठतो. वेग बदलला की नंबर बदलतो. कडा गुळगुळीत. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी पत्नीच्या मदतीनं घरीच हजारो लेन्स केल्या. पेटंटचे हक्क सरकारी यंत्रणेनं अमेरिकन कंपनीला विकले, तिच्याकडून बॉश अँड लोंब कंपनीकडे उत्पादन गेलं, आणि १९७१ साली अमेरिकेत मऊ लेन्सला परवानगी मिळाली. ती 'औषध' या वर्गात मोडून मिळाली, कारण शरीरात असं काही घालायचं तर त्याला काय म्हणायचं हेच कायद्याला ठरवता येत नव्हतं! जगभर या शोधावर अफाट पैसा झाला. विख्टर्ले यांना त्यातलं फारसं काही मिळालं नाही. उलट १९६८च्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर सही केली म्हणून संस्थेचं संचालकपदही गेलं. मान मिळाला तो राजवट कोसळल्यावर, १९९० साली. ते विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

हा माणूस मला आवडतो. पण त्याच्या लेन्सनं श्वासाचा प्रश्न सोडवला का? इथं थोडं गणित लागेल. भिऊ नका, पाचवीतलं आहे.

द्रव्यातून ऑक्सिजन किती सहज जातो, ते मोजायला 'डीके' नावाचा आकडा वापरतात. डी म्हणजे आत शिरलेला ऑक्सिजन किती वेगानं सरकतो, आणि के म्हणजे मुळात किती शिरतो. दादर स्टेशनचा पादचारी पूल डोळ्यांपुढे आणा. पलीकडे किती माणसं पोचतील ते पुलावर किती मावतात आणि किती झपाझप चालतात, या दोन्हींवर ठरतं. आणि तिसरी गोष्ट, पूल किती लांब आहे. लेन्सच्या बाबतीत लांबी म्हणजे जाडी. म्हणून डीकेला जाडीनं भागायचं. १९८४ साली ऑस्ट्रेलियाचे ब्रायन होल्डन आणि त्यांचे सहकारी मर्ट्झ यांनी प्रयोग करून सांगितलं, की हा भागाकार दिवसा वापरायच्या लेन्ससाठी किमान २४ हवा आणि रात्री झोपेत ठेवायच्या लेन्ससाठी ८७. पुढे इतरांनी रात्रीचा आकडा आणखी वर, १२५पर्यंत नेला.

आता पॉलिहेमाचा डीके साधारण आठ-नऊ. एक-दशांश मिलिमीटर जाडीच्या लेन्ससाठी भागाकारही तेवढाच येतो. हवेत २४, मिळतात ९. लेन्स फारच पातळ, म्हणजे पस्तीस मायक्रॉनची केली, तर कसेबसे २४ गाठता येतात; मग ती बोटावर धरायची म्हणजे कसरत. दुसरा उपाय, पाणी वाढवायचं. अशा लेन्समध्ये ऑक्सिजन पाण्यात विरघळूनच जातो, तेव्हा जितकं पाणी जास्त तितकी वाट रुंद. वेगवेगळी घटकद्रव्यं मिसळून ५५, ६०, ७० टक्के पाण्याच्या लेन्स निघाल्या. पण पाणी वाढलं की लेन्स लिबलिबीत होते, फाटते, म्हणून जाड करावी लागते, आणि जाड केली की कमावलेलं गेलं. काही द्रव्यांवर ऋण विद्युतभार असतो, ती अश्रूंतलं लायसोझाइम हे प्रथिन ओढून घेतात.

आणि आता मुख्य मुद्दा. समजा, लेन्स शंभर टक्के पाण्याचीच केली. नुसतं पाणी, एक-दशांश मिलिमीटर जाड. पाण्याचा डीके सुमारे ८०. भागाकार ८०. रात्रीसाठी हवेत ८७! म्हणजे निखळ पाण्याची लेन्स केली तरी झोपेत पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. कंपन्यांनी कितीही सुधारणा केल्या असत्या, त्या रस्त्याच्या शेवटी कुंपण होतं. मला हा आकडा पहिल्यांदा समजला तेव्हा फार आनंद झाला. तत्त्वज्ञानात अशक्यतेची सिद्धता क्वचितच इतकी स्वच्छ हाती लागते.

तेव्हा पाणी सोडून दुसरा वाहक शोधणं भाग होतं. तो होता सिलिकोन. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकाआड एक, अशी याची साखळी असते, फार लवचीक, मध्ये भरपूर मोकळी जागा. ऑक्सिजन तिच्यात विरघळतोही चांगला आणि धावतोही. निव्वळ सिलिकोन रबराच्या लेन्स झाल्याही होत्या. जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या तान्ह्या मुलांसाठी त्या अजून वापरतात. पण सर्वसाधारण वापराला त्या निरुपयोगी, कारण सिलिकोनवर पाणी अळवाच्या पानासारखं घरंगळतं. अश्रू पसरत नाहीत, उलट अश्रूंतली स्निग्धता चिकटते, आणि लेन्स डोळ्याला घट्ट धरून बसते.

मधला एक मार्ग १९७०च्या दशकात निघाला होता. पीएमएमएच्या कुळात सिलिकोनच्या फांद्या जोडून कडक पण हवा जाऊ देणारी लेन्स. अमेरिकन रसायनज्ञ नॉर्मन गेलॉर्ड यांचं हे काम. पुढे त्यात फ्लोरिनही आलं. या लेन्स आजही आहेत, आणि शंकूसारखं पुढे आलेलं पारपटल असणाऱ्यांना, ज्याला केराटोकोनस म्हणतात त्यांना, फार उपयोगी पडतात. कडक लेन्सखाली अश्रूंचं तळं साचून वाकडातिकडा पृष्ठभाग भरून निघतो.

मऊ लेन्सचं घोडं मात्र अडलंच होतं. सिलिकोन आणि पाणी एकत्र हवं, आणि ते तर तेल-पाण्यासारखे फटकून वागणारे. ढवळून मिसळलं तर दुधासारखं होतं. दूध पांढरं का दिसतं? पाण्यात स्निग्धाचे बारीक थेंब असतात आणि ते प्रकाश विखुरतात. लेन्स दुधाळ होऊन कशी चालेल? म्हणजे दोन्हींचे प्रदेश प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान हवेत. शिवाय बेटं नकोत, सलग वाटा हव्यात. सिलिकोनची वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत, ऑक्सिजनसाठी. आणि तिला गुंफून पाण्याची वाट, क्षार आणि पाणी जाण्यासाठी, कारण ते गेले नाहीत तर लेन्स डोळ्यावर हलत नाही. एकाच पदार्थात तीन प्रवाशांसाठी तीन वेगळ्या परवानग्या. हे जमायला वीसेक वर्षं लागली. १९९८-९९च्या सुमारास सिलिकोन हायड्रोजेलच्या पहिल्या दोन लेन्स बाजारात आल्या. त्यातल्या लोट्राफिल्कॉन ए या द्रव्यात पाणी फक्त २४ टक्के, डीके १४०, आणि लेन्ससाठी भागाकार १७५. रात्रीची अट दुपटीनं पुरी. पृष्ठभाग ओला राहावा म्हणून त्याच्यावर प्लाझ्माची प्रक्रिया करावी लागे. नंतरच्या द्रव्यांमध्ये ओलावा धरणारे रेणू आतच मिसळले. डेलेफिल्कॉनसारख्या द्रव्यात तर गाभ्यात ३३ टक्के पाणी आणि पृष्ठभागावर ८०च्या वर, अशी चढती रचना आहे.

ही 'फिल्कॉन' मंडळी तुमच्या डबीवर छापलेली असतात. शेवट 'फिल्कॉन' असेल तर मऊ, पाणी धरणारं द्रव्य. 'फोकॉन' असेल तर कडक. पाण्याची टक्केवारी शेजारीच असते. आता आकडा पाहून जास्त पाणी म्हणजे जास्त चांगली लेन्स, असं अनुमान काढू नका. दुकानातही तसं सांगतात. का काढू नये, ते आत्ताच आपण पाहिलं.

इथं गोष्ट सुखान्त व्हायला हवी होती. पण झाली नाही. डॉक्टरांना आशा होती, की ऑक्सिजन मिळाला की लेन्समुळे होणारा जंतुसंसर्ग, पारपटलावर पडणारं व्रण, तेही जवळपास थांबेल. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या १९८९च्या अभ्यासात मऊ लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांमागे चार जणांना, आणि घालून झोपणाऱ्यांत सुमारे एकवीस जणांना असा संसर्ग झालेला आढळला. २००८ साली ऑस्ट्रेलियातला मोठा अभ्यास आला, तोवर नवी द्रव्यं रुळली होती. घालून झोपणाऱ्यांत आकडा जुन्या द्रव्यासाठी साधारण वीस, आणि नव्यासाठी पंचवीस. म्हणजे सूज गेली, लाली गेली, गुदमरणं गेलं, संसर्ग तिथंच. मिटलेल्या पापणीखाली अश्रू वाहत नाहीत, डोळा धुतला जात नाही, आणि लेन्सच्या आडोशाला जंतूंना निवांतपणा मिळतो. आपण ऑक्सिजनची वाट मोकळी केली, पण पापणी आणि अश्रूंच्या येण्याजाण्याची वाट अडलेलीच राहिली. पारदर्शक कोणासाठी, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागला.

दरम्यान पहिली लेन्स परत आलीय, हेही सांगतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी, मध्ये द्राव भरलेली, फिकच्या वाटीसारखी मोठी लेन्स. आकार तोच, द्रव्य मात्र ऑक्सिजन जाऊ देणारं. ज्यांचे अश्रूच आटलेत, औषधाच्या प्रतिक्रियेनं ज्यांच्या डोळ्यांची आग होते, त्यांच्या पारपटलावर ही लेन्स दिवसभर पाण्याची उशी ठेवते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अशा लेन्स देतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिथं जाऊन आल्यावर मला सांगितलं, सर, चार वर्षांनी पंख्याखाली बसलो. फिकची कल्पना चुकलेली नव्हती, तिला योग्य द्रव्य मिळायला शंभर वर्षं लागली.

चिठ्ठ्या आल्यात, दोन घेतो.

पहिली : "महिन्याची लेन्स मी जपून, आठवड्यातून दोनदाच वापरते. तीन महिने चालेल का?" नाही. मुदत डबी उघडल्या दिवसापासून मोजायची, वापरलेल्या दिवसांची बेरीज करायची नाही. द्रावात पडून असलेली लेन्सही जुनी होते, डबीत जंतूंचा थर धरतो. क्वचितच वापरायची असेल, तर रोज फेकायची लेन्स घ्या. हिशेब केला तर फार महाग पडत नाही.

दुसरी : "प्रवासात द्राव संपला तर बिसलरीच्या पाण्यानं धुतली तर चालते ना? ते तर शुद्ध असतं." शुद्ध कोणासाठी, ते विचारा! प्यायला शुद्ध. नळाच्या, विहिरीच्या, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात ॲकांथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. कठीण कवच करून राहतो, क्लोरीनला सहसा दाद देत नाही. पोटात गेला तर काही होत नाही, डोळ्यावर बसला तर उपचाराला महिनोन्‌महिने लागतात आणि वेदना असह्य असतात. आपल्याकडे तो शेतात डोळ्याला माती-पाणी लागलेल्या, लेन्स कधीच न घातलेल्या माणसांनाही होतो. बाटलीतलं पाणीही निर्जंतुक केलेलं नसतं, आणि डोळ्याच्या क्षारांशी ते जुळतही नाही. मऊ लेन्स ते पिऊन घेते आणि डोळ्याला चिकटते. द्राव नसेल तर लेन्स काढा, फेकून द्या आणि चष्मा लावा. फेकताना बेसिनमध्ये नको, कचऱ्याच्या डब्यात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या २०१८च्या पाहणीत पंधरा-वीस टक्के लोक लेन्स मोरीत किंवा संडासात सोडताना आढळले. तिथून ती सांडपाण्याच्या गाळात जाते, तिचे तुकडे होतात, पण ती कुजत नाही. इतकी पारदर्शक, की शोधायलाही सापडत नाही.

घड्याळ पुढे गेलंय. पुढच्या महिन्याचे वक्ते कोण, ते कार्यवाह सांगतील.